अब्बांच्या गुडघ्यांनी आखलेली इटलीची सहल

दादरच्या एका पर्यटन कंपनीतून आणलेले पत्रक आम्ही रात्री जेवण झाल्यावर दस्तरखान उचलून त्याच जागी पसरले. आठ दिवसांत रोम, पिसा, फ्लोरेन्स, व्हेनिस, व्हेरोना आणि मिलान! मुले हरखून गेली. बहात्तर वर्षांच्या अब्बांनी चष्मा लावून सगळे वाचले, पत्रकाची घडी घातली आणि म्हणाले, "तुम्ही जाऊन या. मी घर सांभाळतो."

अब्बांची उमेदीची वर्षे लालबागच्या गिरणीत गेली. १९८२ च्या संपानंतर त्यांनी शिलाई मशीन घेतली आणि त्यावर आम्हा भावंडांना शिकवले. त्यांचा उमराह तीन वर्षांपूर्वी झाला. तो आधी, बाकी सगळे नंतर, हे घरात ठरलेलेच होते. आता भिशी आणि पतपेढीतली सहा वर्षांची बचत या सहलीसाठी होती. ती अब्बांना मागे ठेवून खर्च करायला आमचे मन तयार होईना. म्हणून पत्रक बाजूला ठेवले आणि सहल नव्याने आखली.

आधी फोर्टात तालीम

अब्बा नेमके किती चालू शकतात, हे अंदाजाने ठरवण्यापेक्षा पाहून ठरवावे असे वाटले. एका रविवारी सकाळी सगळे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला उतरलो. ही इमारत मध्ययुगीन इटलीच्या वास्तुशैलीचा आधार घेऊन बांधलेली. २००४ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. तिथून चालत विद्यापीठाच्या राजाबाई टॉवरपर्यंत गेलो. १८७८ मध्ये पूर्ण झालेल्या या मनोऱ्यावर व्हेनिसच्या गॉथिक शैलीची छाप आहे. अंतर जेमतेम दीड किलोमीटर, पण अब्बांना दोनदा बसावे लागले.

त्यावरून नियम ठरला: सकाळी एकच मोठे ठिकाण, दुपारी विश्रांती, असरनंतर जमेल तेवढे फिरणे.

या नियमात व्हेनिस बसेना. तिथे मोटारी नाहीत, चारशेहून अधिक पूल आहेत आणि बहुतेकांना पायऱ्या आहेत. नववीतली आमची लेक राजाबाई टॉवरकडे बघत म्हणाली, "म्हणजे हेच माझं व्हेनिस का?" या प्रश्नाला आमच्याकडे गोड उत्तर नव्हते.

दोनच मुक्काम

आमचा आराखडा असा. रोममध्ये चार रात्री, मग सालेर्नोत चार रात्री आणि परतीचे विमान नेपल्सहून. एका शहरात उतरून दुसऱ्या शहरातून परतले की उलटा प्रवास वाचतो. मुक्काम दोनच असल्याने रोज सामान बांधायला नको.

रोममध्ये इसवी सन ८० मध्ये सुरू झालेले कोलोसियम पाहायचे. तिथे वर जायला लिफ्ट आहे. एक दिवस फ्लोरेन्स. वेगवान रेल्वेने दीड तास लागतो, स्थानकापासून जुने शहर जवळ आणि रस्ते बरेचसे सपाट.

सालेर्नो रोमहून रेल्वेने सुमारे दोन तासांवर. मरीन ड्राइव्हची आठवण यावी असा समुद्राकाठचा सपाट रस्ता तिथे आहे. तिथून अमाल्फीला बोटीने जायचे, म्हणजे घाटातल्या वळणांवर मुलांना उलट्या नकोत. अमाल्फीच्या मोठ्या चर्चला बासष्ट पायऱ्या आहेत; अब्बा खाली चौकात कॉफी घेत बसतील. वर तेराव्या शतकातले एक आवार आहे. त्याच्या एकमेकांत गुंफलेल्या कमानींत अरब शैली स्पष्ट दिसते, कारण अमाल्फीचे व्यापारी इजिप्तशी व्यापार करत. कागद बनवण्याची कलाही इटलीत अरबांकडूनच पोहोचली आणि अमाल्फी हातकागदासाठी प्रसिद्ध झाले. मराठीतला 'कागद' आणि उर्दूतला 'काग़ज़' वर्गात शिकवणाऱ्या आम्हाला तिथले कागद संग्रहालय चुकवायचे नाही.

कागदपत्रे आणि खर्च

शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाआधी सहा महिन्यांपासून करता येतो. सुट्टीच्या हंगामात उशीर करू नये. सध्या प्रौढांना ९० युरो आणि सहा ते अकरा वर्षांच्या मुलांना ४५ युरो फी आहे. आम्ही तिघे मोठे, चौदा वर्षांची लेक आणि दहा वर्षांचा मुलगा, म्हणजे ४०५ युरो. केंद्राचे सेवाशुल्क वेगळे. किमान तीस हजार युरोंचा प्रवास विमा सक्तीचा आहे. हॉटेलात दर रात्री, दर माणशी शहर कर वेगळा द्यावा लागतो, तोही हिशेबात धरावा. पाण्याचा खर्च मात्र वाचतो. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ अखंड वाहत असतात.

जेवण आणि नमाज

'मायाले' म्हणजे डुकराचे मांस आणि 'सेन्झा' म्हणजे 'शिवाय', हे दोन शब्द मुलांनी पाठ केले आहेत. प्रोशुत्तो, पान्चेत्ता, ग्वान्चाले हे सगळे डुकराचेच प्रकार. तिरामिसू या गोड पदार्थात बऱ्याचदा मद्य असते. टोमॅटो, लसूण आणि ऑलिव्ह तेलाचा मारिनारा पिझ्झा सोयीचा, पण पिठात चरबी नाही ना, हे विचारून घ्यावे. रोमच्या मुख्य स्थानकाजवळ पियात्सा व्हित्तोरियोच्या परिसरात बांगलादेशी दुकाने आणि हलाल मांस मिळते. आमचा मुक्काम त्याच भागात आहे.

मे महिन्यात तिथे मगरिब रात्री साडेआठच्या सुमारास होते, त्यामुळे इशाला बराच उशीर होतो. मुसाफिराला कसरची सवलत आहे. बाकी मसले निघण्यापूर्वी आपल्या मौलानांना विचारून घ्यावेत. रोमची मोठी मशीद १९९५ मध्ये खुली झाली. जुमा तिथे पढण्याचा इरादा आहे.

हे सगळे वहीत लिहीत असताना अब्बा खाटेवरून ऐकत होते. जायचे की नाही, हे तोवर ते बोललेच नव्हते. मध्येच त्यांनी विचारले, "इथे आपण पश्चिमेला तोंड करतो. तिथे किबला कुठे?"

"आग्नेयेला, अब्बा."

"अच्छा," म्हणाले आणि उठून चप्पल शोधू लागले. त्या दिवसापासून असरनंतर ते रोज राणीच्या बागेपर्यंत चालून येतात. कालपासून वाटेत एकदाच बसतात.