17 ग्रॅमचं खुरपं

अमेरिकेतली पॅसिफिक क्रेस्ट ट्रेल ही पायवाट मेक्सिकोच्या सीमेपासून कॅनडाच्या सीमेपर्यंत सुमारे 4,265 किलोमीटर जाते. ती सलग चालणारे लोक पाठीवरच्या प्रत्येक ग्रॅमचा हिशेब ठेवतात. टूथब्रशचा दांडा कापतात, तंबूचे खुंटे मोजून घेतात. या काटकसरीत शौचाचा खड्डा खणायचं ट्रॉवेल बरेचदा घरीच राहायचं. काठीने उकरू, बुटाच्या टाचेने उकरू, असं म्हणून लोक निघायचे. काठीने उकरलेला खड्डा मात्र चार बोटांपलीकडे क्वचितच जातो, आणि रानातल्या शौचाचा सगळा प्रश्न त्या खोलीशी बांधलेला आहे.

कोलोरॅडोतल्या बोल्डर गावची ‘लीव्ह नो ट्रेस’ ही संस्था रानात वावरायचे जे नियम शिकवते, त्यात खड्डा 6 ते 8 इंच खोल, 4 ते 6 इंच रुंद आणि पाणी, वाट व मुक्काम यांपासून किमान 200 फूट दूर असावा असं सांगितलं आहे. 200 फूट म्हणजे मोठ्या माणसाची साधारण सत्तर-ऐंशी पावलं. ही खोली मातीच्या स्वभावावरून ठरली आहे. पालापाचोळा कुजून झालेल्या वरच्या काळ्या थरात जीवाणू आणि बुरशी भरपूर असतात. तिथे हवा असते, ओल असते आणि कुजण्याचं काम चालू असतं. याहून वर पुरलं तर जनावरं उकरतात, पाऊस उघडं पाडतो. फार खाली गेलं की माती फिकट होते आणि तिच्यातली जीवसृष्टी विरळ होत जाते.

तरीही पुरलं म्हणजे संपलं, असं समजू नये. मोंटानातल्या ब्रिजर डोंगररांगेत 1980च्या दशकाच्या सुरुवातीला संशोधकांनी रोगजंतू मिसळलेली विष्ठा पुरून पाहिली होती. अख्खा हिवाळा उलटल्यावरही साल्मोनेला जिवंत सापडला. म्हणून मला खोलीच्याही आधी पाण्यापासूनचं अंतर महत्त्वाचं वाटतं. कोरड्या ओढ्याची घळसुद्धा पाणीच समजावी, कारण पावसाळ्यात ती वाहणार असते.

ट्रॉवेलकडे लोक पुन्हा वळले ते त्याचं वजन उतरल्यावर. जुनं नारिंगी प्लास्टिकचं ट्रॉवेल स्वस्त होतं, पात्यावर इंचांच्या खुणा असायच्या, पण कडक जमिनीत ते वाकायचं किंवा मोडायचं. घडीचं पोलादी अवजार खणायचं झकास, पण जड. मग ‘द टेन्टलॅब’ या कंपनीने ‘ड्यूस ऑफ स्पेड्स’ नावाचं ट्रॉवेल काढलं. पातळ ॲल्युमिनियमच्या पत्र्याला बाक देऊन घडवलेलं हे पातं प्रचलित मापात अवघं 17 ग्रॅम भरतं. धातू 7075 जातीचा, म्हणजे जस्त, मॅग्नेशियम आणि तांबं मिसळलेलं ॲल्युमिनियम. या जातीचा मिश्रधातू जपानच्या सुमितोमो कंपनीने 1936 साली तयार केला आणि तो झीरो या लढाऊ विमानात वापरला गेला. टायटॅनियमची ट्रॉवेलंही मिळतात, चिवट आणि महाग. अधूनमधून डोंगरात जाणाऱ्याला ॲल्युमिनियम पुरतं, असं माझं मत आहे.

या पात्याची खरी करामत त्याच्या मुठीत आहे. मऊ मातीत रुंद टोकाने उपसायचं. जमीन कडक लागली, मुळं आडवी आली, की ट्रॉवेल उलटं धरून मुठीचं अरुंद टोक खाली खुपसायचं. हाताचा सगळा जोर तेवढ्याशा कडेवर येतो आणि माती तुटते. पत्र्याची धार मात्र तळव्याला रुतते, म्हणून रुमालाची घडी घेऊन धरावं. जोर सरळ खालीच लावावा. दगडाखाली घालून उचकटायला गेलात तर पातं वाकेल, आणि या जातीचा धातू वाकवून पुन्हा सरळ करू गेलं की चिरतो. दगड लागला तर सरळ जागा बदलावी.

खणताना आधी गवताचा किंवा पाचोळ्याचा वरचा थर गोल कापून झाकणासारखा बाजूला काढून ठेवावा. मग कडेकडेने टोचत माती सैल करावी आणि एकाच बाजूला ढीग करावा, म्हणजे परत लोटायला सगळी सापडते. ट्रॉवेलची लांबी आधी मोजून ठेवली की तेच मोजपट्टी होतं. काम झाल्यावर थोडी माती टाकून काडीने आतच ढवळावी. विष्ठेला मातीचा स्पर्श जितका जास्त, तितकं कुजणं सोपं. ती काडीही खड्ड्यातच टाकावी, उरलेली माती लोटून झाकण दाबून बसवावं. ट्रॉवेल विष्ठेला कधीच लागू द्यायचं नाही, हा यातला सर्वांत मोठा नियम. तो पाळला तर त्याची निगा अगदी थोडी: कोरड्या मातीत घासून पुसावं, वेगळ्या पिशवीत ठेवावं, घरी आल्यावर साबणाने धुऊन कोरडं करावं. खाऱ्या पाण्याचा हात लागला असेल तर नक्की धुवावं, कारण 7075ला मीठ सोसत नाही. शेकोटीत निखारे सारायला ते वापरू नये. आचेने धातूवर दिलेलं पाणी उतरतं आणि पातं मऊ पडतं.

आपल्याकडे पाण्याने धुवायची सवय आहे, ही फार जमेची बाजू. अमेरिकेतल्या रानवाटांवर पुरलेले, मग उकरले गेलेले टॉयलेट पेपर ही मोठी डोकेदुखी आहे, म्हणून ते कागद पिशवीत घालून परत न्यायला सांगतात. आपण खड्ड्यावर बसूनच धुतलं की पाणीही खड्ड्यातच जातं. मैला मातीआड करून त्याचं खत करायचा विचारही इथे नवा नाही. गांधीवादी कार्यकर्ते अप्पासाहेब पटवर्धनांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमातून त्यासाठी काम केलं.

सह्याद्रीत मात्र ट्रॉवेल सगळीकडे चालत नाही. गडांचे माथे बसाल्टचे, वर वीतभरसुद्धा माती नाही, आणि प्यायचं पाणी त्याच माथ्यावरच्या टाक्यांत. उतारावर जे टाकाल ते पहिल्या पावसात टाक्याकडे जाऊ शकतं. हरिश्चंद्रगडासारख्या गर्दीच्या ठिकाणी तर एका रात्रीत इतकी माणसं मुक्कामाला असतात की खड्डे खणायला जागाच उरत नाही. तिथे पायथ्याच्या गावातलं शौचालय वापरून वर चढावं, किंवा विष्ठा घट्ट बंद होणाऱ्या पिशवीत घेऊन खाली यावं. कॅलिफोर्नियातल्या माउंट व्हिटनीच्या परिसरात हे सक्तीचंच आहे. कासच्या पठारावर तर ट्रॉवेल बाहेरच काढू नये, तिथल्या चिमूटभर मातीवर दुर्मिळ फुलांचं जग उभं आहे. भर पावसात मातीच पाण्याने तुडुंब असते, उन्हाळ्यात मुरूम लोखंडासारखा होतो. ट्रॉवेलचे दिवस हिवाळ्याचे आणि जागा कारवीच्या झाडोऱ्याखालची, पाचोळा साचलेली.

पंधरा-वीस जणांच्या गटाला दोन ट्रॉवेलं पुरतात. ती सॅकच्या बाहेरच्या कप्प्यात ठेवावीत आणि संध्याकाळी उजेड असतानाच जागा पाहून प्रत्येकाने आपला खड्डा वेगवेगळ्या दिशेला खणून ठेवावा. पहाटेच्या घाईत कोणीच सहा इंच खणत नाही.