दावा ‘अबेट’ झाला म्हणजे काय?

अम्मींची इद्दत संपून चारच दिवस झाले होते. वकिलांचे इंग्रजी पत्र आले. अब्बांनी दाखल केलेला जमिनीचा दावा ‘अबेट’ झाला, असे त्यात होते. आम्ही भावंडांनी शब्दकोश उघडला. अर्थ मिळाला : कमी होणे, शमणे. चला, भांडण निवळले, असे आम्हाला वाटले. भाचा म्हणाला, “नाही, अबेट म्हणजे चिथावणी देणे.” दोन्ही अर्थ खरे, पण आमच्या पत्राला एकही लागू नव्हता.

देवनागरीत सारखे दिसणारे हे दोन वेगळे शब्द आहेत. ए-बी-ई-टी म्हणजे गुन्ह्याला चिथावणी किंवा साहाय्य देणे. त्यातला ‘बे’ ऱ्हस्व. ए-बी-ए-टी-ई म्हणजे जोर ओसरणे. त्यातला ‘बे’ लांब. आपण मराठीत पाऊस ओसरला, वादळ शमले, राग निवळला असे प्रत्येकाला वेगळे क्रियापद देतो. इंग्रजीत या सगळ्यांना हे एकच चालते. वस्तूचा भाव उतरला, तर मात्र सहसा ते वापरत नाहीत.

कोर्टात या शब्दाचा अर्थ आणखी कडक होतो. तिथे जोर ओसरत नाही, दावाच संपतो. मराठीत त्याला ‘उपशमन’ म्हणतात. दावा लावणारा एकटाच असेल आणि तो वारला, तर त्याच्या वारसांची नावे ९० दिवसांत रेकॉर्डवर आणण्याचा अर्ज करावा लागतो. नाही केला, तर दावा अबेट होतो. त्यानंतर ६० दिवसांत सबळ कारण दाखवून उपशमन रद्द करून मागता येते. तीही मुदत गेली, तर सोबत विलंब माफीचा अर्ज जोडावा लागतो.

इद्दत चार महिने दहा दिवसांची, म्हणजे ९० दिवस त्याआधीच संपतात. अम्मी बाहेर पडल्या की बघू, असे म्हणत आम्ही थांबलो आणि वकिलांना इंतकालाची खबरही दिली नाही. खरे तर वकीलपत्रावर अम्मींना घरी बसून सही करता आली असती. बाकी धावपळ आमची होती.

हाती अठरा-वीस दिवस होते. अम्मी, दोन्ही बहिणी आणि आम्ही भाऊ, सगळ्या वारसांची नावे घालून अर्ज दिला. दावा पुन्हा उभा राहिला.

तुमच्या घरी असा प्रसंग आला, तर दफनविधीनंतरच्या पहिल्या आठवड्यातच वकिलांना कळवा. मृत्यूचा दाखला मागाहून देता येतो.