बॅटरीतली खळ

फटाक्यांचा डबा आपण मुलांच्या हाती लागू देत नाही. मोबाइल मात्र खुशाल उशाखाली ठेवून झोपतो! त्याच्या बॅटरीत काय भरलेले असते, हे किती गृहिणींना, आणि गृहस्थांनाही, ठाऊक आहे?

वर्खासारखे पातळ दोन पत्रे, त्यांवर लेप, मध्ये सच्छिद्र प्लास्टिकचा पापुद्रा आणि सगळ्यांत मुरलेला एक द्रव. त्यात लिथियमचा क्षार विरघळवलेला असतो. पण पाण्यात नव्हे, सहज पेट घेणाऱ्या द्रावकात! लिथियमचे आयन त्यातून या काठाहून त्या काठाला पोहतात. पापुद्रा फाटून आतल्या आत शॉर्टसर्किट झाले, की तोच द्रव सरपण होतो. 1991 साली सोनीने ही बॅटरी बाजारात आणली, तेव्हापासून हे भय तिच्या पाठीशी आहेच.

मग द्रव घट्टच का करू नये? कल्पना जुनीच आहे. लक्लांशेचा 1866 चा विद्युतघट काचेच्या बरणीत असे; हिंदकळे, सांडे. द्रव दाटवला तेव्हा टॉर्चमधला ‘कोरडा’ सेल निघाला. त्यात कित्येक वर्षे चक्क गव्हाचे पीठ आणि मक्याचा स्टार्च यांची खळ असे! कोरडा कसला, आत ओलच.

लिथियमसाठी अशी खळ मिळणे मात्र जड गेले. 1973 मध्ये शेफील्डच्या पीटर राइट यांनी सहकाऱ्यांसह एका बहुवारिकात, म्हणजे साखळीसारख्या लांब रेणूंच्या प्लास्टिकात, क्षार मिसळून पाहिले. 1978 मध्ये फ्रान्सच्या मिशेल आर्माँ यांनी त्याची बॅटरी होईल असे सुचवले. पण थिजलेल्या तुपात मुंगी चालावी तशी आयनांची गत! साठेक अंशांपर्यंत तापवावे, तेव्हा कुठे ते धड हलत.

तोड निघाली ती चायना ग्राससारखी. पाणी भांडेभर, चायना ग्रास चिमूटभर, तरी वडी पडतेच ना? तसेच बहुवारिकाच्या जाळ्यात द्रव अडकवायचा. आयन आतल्या द्रवातून पोहतात, पण थेंब गळत नाही. आणि बॅटरी पातळ, वाकवता येण्याजोगी होते. अमेरिकेत बेलकोअरच्या शास्त्रज्ञांनी 1990 नंतरच्या दशकात अशा बॅटऱ्या करून दाखवल्या.

तरीही हुरळून जाऊ नये. जेलमध्ये द्रावक असतोच. पुरेसा तापला तर तोही पेटतो. म्हणून आता सहज न पेटणाऱ्या द्रवांचे जेल करण्याची खटपट चालू आहे. शिवाय ‘पॉलिमर’ असा शिक्का असलेल्या बऱ्याच बॅटऱ्यांत नुसत्या मऊ पिशवीत साधा द्रवच असतो. अशी पिशवी पापडासारखी फुगली, तर टाचणी टोचून हवा काढण्याचा उद्योग घरातल्या हौशी इंजिनियरांना करू देऊ नका. चार्जिंग बंद करून ती दुरुस्तीवाल्याकडे द्या.