खुराड्याआधीचे आठ आठवडे

राज्याच्या पशुसंवर्धन विभागाच्या एकात्मिक कुक्कुट विकास योजनेत लाभार्थ्याला दोन प्रकारे पक्षी देण्याची तरतूद राहिली आहे. एक तर सुधारित जातीच्या एकदिवसीय 100 पिल्लांचा गट, नाहीतर आठ ते दहा आठवड्यांच्या तलंगांचा गट, म्हणजे 25 माद्या आणि 3 नर. एकीकडे 100, दुसरीकडे 28. खाद्य, लस, मरतूक आणि रात्रीची राखण यांचा हिशेब मला या दोन आकड्यांच्या फरकात दिसतो. तलंग घेणाऱ्याच्या वाट्याचं जिकिरीचं काम आधीच कुणीतरी उरकलेलं असतं. एकदिवसीय पिल्लं घेणाऱ्याला ते स्वतः करावं लागतं, आणि त्यासाठी पिल्लांना घर लागतं.

गावठी कोंबडी खुडूक बसली की हा प्रश्नच येत नाही. एकविसाव्या दिवशी पिल्लं निघतात, आई त्यांना पंखाखाली घेते, दाणा दाखवते, घार दिसली की साद घालते. पुढे कधीतरी तीच त्यांना टोचून लांब करते. वनराज, गिरिराज, ग्रामप्रिया या जातींची पिल्लं मात्र यंत्रात उबवलेली असतात आणि पुठ्ठ्याच्या खोक्यातून घरी येतात. त्यांना आईची ऊब बल्बने द्यावी लागते, तिची राखण जाळीने करावी लागते.

पहिल्या पंधरा दिवसांबद्दल बहुतेकांना माहिती असते. पत्र्याचं किंवा पुठ्ठ्याचं दीड फूट उंच गोल कडं, मधोमध बल्ब, खाली तुसाची गादी. कडं गोलच हवं, कारण कोपरा मिळाला की पिल्लं त्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पाठीच्या उंचीवर 35 अंश सेल्सिअसच्या आसपास तापमान लागतं, नंतर दर आठवड्याला साधारण तीन अंशांनी ते उतरवत आणायचं. तापमापक नसला तरी पिल्लं सांगतात. बल्बखाली गोळा होऊन चिवचिवाट करत असतील तर थंडी आहे. कडेला जाऊन चोच उघडी टाकून बसली असतील तर उष्णता जास्त झाली. सगळीकडे पांगून खात-पीत असतील तर छान चाललं आहे.

खरी आबाळ होते ती तिसऱ्या आठवड्यापासून. लोक कड्याची तयारी करतात आणि अंगणातल्या खुराड्याचीही करतात. मधल्या दिवसांचं घर मात्र बांधतच नाहीत. कडं अपुरं पडू लागलं की पिल्लं सरळ बाहेर सोडली जातात, नाहीतर त्याच कड्यात दाटीवाटीने ठेवली जातात. दोन्हींत नुकसान आहे. या वयात अंगावरची लव जाऊन खरी पिसं येत असतात आणि ती पुरती यायला पाच-सहा आठवडे लागतात. अर्ध्या पिसांचं पिल्लू जूनच्या पहिल्या पावसात भिजलं की वाचणं अवघड. आणि नव्या पिसाच्या देठात रक्त असतं. गर्दीत एकाने ते टोचलं, रक्त दिसलं की बाकीची तिथेच चोची मारतात. उजेड प्रखर असेल तर हे आणखी वाढतं.

म्हणून मधलं घर हवं: जुना गोठा, पडवीचा आडोसा, रिकामी खोली, काहीही चालेल. पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक पिल्लाला अर्धा चौरस फूट जागा पुरते, आठव्या आठवड्यापर्यंत एक चौरस फूट तरी लागते. म्हणजे 100 पिल्लांना दहा बाय दहाची खोली. दीड फुटाचं कडं चौथ्या आठवड्यात ती उडून ओलांडतात, तेव्हा बाजूंना उंच जाळी हवी आणि वरूनही झाकलेलं हवं. जमिनीपासून वीतभर उंचीवर एक आडवी काठी बांधली तर पिल्लं आपणहून तिच्यावर बसायला शिकतात. पुढे खुराड्यात ही सवय कामाला येते.

जाळीच्या बाबतीत काटकसर करू नये. बाजारातली षटकोनी भोकांची कोंबडीजाळी पक्ष्याला आत ठेवते, पण उंदीर तिच्यातून आत येतो. खालचे दोन फूट तरी अर्धा इंची वेल्ड केलेली जाळी लावावी आणि जमिनीला कोबा करावा, म्हणजे घूस पोखरून येणार नाही. एक घूस एका रात्रीत किती पिल्लं ओढून नेते हे ज्याने पाहिलंय, तो जाळीचा खर्च मोजत बसत नाही.

दुसरा शत्रू ओल. तुसात ओल धरली की विष्ठेतून अमोनिया सुटतो, आणि उबदार ओलाव्यात रक्ती हगवणीचे जंतू फोफावतात. तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यातली पिल्लं याला सहज बळी पडतात. गादीची पारख सोपी आहे. मूठभर तूस घट्ट दाबा आणि मूठ उघडा. लाडवासारखा गोळा राहिला तर ओल जास्त, सुटून पडला तर ठीक. वासाची पारख उभं राहून करू नये. गुडघ्यावर बसून, पिल्लाच्या नाकाच्या उंचीवर श्वास घ्यावा. तिथे डोळे चुरचुरले तर पिल्लं दिवसभर तेच सोसत असतात. ओलं तूस, विशेषतः पाण्याच्या भांड्याभोवतीचं, रोज काढावं. भांडं विटेवर, पिल्लाच्या पाठीच्या पातळीला ठेवलं की सांडलवंड बरीच कमी होते. आणि ऊब राहावी म्हणून खोली गच्च बंद करणं ही फार महागात पडणारी माया आहे. बारदान खालच्या भागाला लावावं, वरून हवा खेळती ठेवावी. कोकणात पावसाळ्यात हेच बारदान भिजून ओल धरतं, ते वेळोवेळी वाळवावं लागतं.

चौथ्या आठवड्यापासून बल्ब आधी दुपारी, मग दिवसभर बंद ठेवावा आणि शेवटी रात्रीही. हिशेब महिन्याचा असतो. मराठवाड्यात एप्रिलच्या दुपारी बल्बची गरजच नसते, उलट पत्रा तापू नये म्हणून त्यावर पाचट टाकावं लागतं. विदर्भात डिसेंबरच्या पहाटे सहा आठवड्यांच्या पिल्लालाही ऊब लागू शकते.

मानमोडीची पहिली लस पहिल्या आठवड्यात होते, गंबोरोची दुसऱ्याच्या सुमारास, आणि मानमोडीची मोठी लस आठव्याच्या आसपास. नेमकं वेळापत्रक पशुवैद्यकाकडून घ्यावं. लस टोचली त्याच दिवशी जागा बदलू नये, दोन्ही ताण एकदम पडतात. चार-आठ दिवस जाऊ द्यावेत. घरात जुन्या कोंबड्या असतील तर रोज आधी पिल्लांचं काम उरकावं, मग मोठ्यांकडे जावं. मोठ्या कोंबड्या दिसायला ठणठणीत असल्या तरी त्यांच्यापासून पिल्लांना रोग होऊ शकतो.

खुराड्यात हलवायचं ते संध्याकाळी. तीन-चार दिवस दार उघडू नये, म्हणजे घर कुठलं हे तलंगांना कळतं. जुन्या कोंबड्या आणि तलंगा यांच्यामध्ये आठवडाभर जाळी ठेवावी. एकमेकींना दिसाव्यात, पण चोच पोचू नये. खाद्याची भांडी मात्र त्यानंतरही वेगळीच ठेवावीत, कारण अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात कॅल्शियम भरपूर असतं आणि वाढत्या तलंगेच्या मूत्रपिंडाला ते झेपत नाही. तलंग अंड्यावर येईपर्यंत तिला ग्रोअर मॅशच द्यावा.