मुळशीला जाताय? आधी हे पुस्तक वाचा

परवा ताम्हिणीच्या रस्त्यावर चहाच्या टपरीवर एका पर्यटकाने विचारलं, "हा तलाव नैसर्गिक आहे ना?"

नाही हो. टाटांनी वीजनिर्मितीसाठी बांधलेलं धरण आहे हे. पाणी घाटाखाली भिऱ्याला जातं, तिथे वीज तयार होते. पाण्याखाली मावळ्यांची गावं आणि भातखाचरं गेली.

या धरणाविरुद्ध १९२१ साली रामनवमीला सत्याग्रह सुरू झाला. पांडुरंग महादेव बापटांना 'सेनापती' ही पदवी इथेच मिळाली.

एवढं आपल्याला शाळेत कळतं. पुढचं कळायला राजेंद्र व्होरा यांचं 'मुळशी सत्याग्रह' वाचायला हवं. व्होरा पुणे विद्यापीठात राज्यशास्त्राचे प्राध्यापक होते. त्यांचं याच विषयावरचं इंग्रजी पुस्तक २००९ साली आलं.

मला भिडला तो सावकारांचा भाग. बऱ्याच जमिनी पुण्याच्या सावकारांकडे गहाण होत्या. त्यांना नुकसानभरपाई परवडणारी होती, कसणाऱ्याला नव्हती. एकाच आंदोलनात दोघांचे हिशेब वेगळे! व्होरा हे लपवत नाहीत, म्हणून पुस्तक आवडलं.

पण अभ्यासग्रंथ आहे, प्रवासात चाळायचा नाही. तळटिपांचा कंटाळा असेल तर आधी विश्वास पाटलांची 'झाडाझडती' घ्या. धरणग्रस्तांवरचीच कादंबरी, १९९२ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळालेली. जाडजूड आहे, पण सुटत नाही.

मुळशी-मावळावर आणखी काय वाचलंय तुम्ही? कॉमेंटमध्ये सांगा. या दोन्ही पुस्तकांबद्दल काही विचारायचं असेल तर तेही बिनधास्त विचारा.