धान्यकोठीची परीक्षा सभासदांनींच घ्यावी

कर्जत व खालापूर तालुक्यांतील ठाकुरवाडीस आषाढ-श्रावणाचे दिवस कसे जातात, हें आमच्या वाचकांस सांगणें नको. लावणी चालू असते, कणगी रिकामी झालेली असते, आणि पोटासाठीं उसने घेतलेले दाणे सुगीस दिढीदुपटीनें फेडावे लागतात. हा फास सुटावा म्हणून कशेळे येथील अॅकॅडमी ऑफ डेव्हलपमेंट सायन्स या संस्थेनें कर्जत तालुक्यांतील आदिवासी वाड्यांत धान्यकोठ्यांचें काम केलें. १९९६-९७ सालीं मध्यवर्ती सरकारनेंही ग्रामधान्यकोठ्यांची योजना काढली. परंतु कोठी उघडणें सोपें, ती चालविणें कठीण. एके वर्षीं दाण्यांस सोंडे लागतात, चार घरांची परतफेड अडते, त्याची चर्चा एकदां होते, आणि तिसऱ्या वर्षीं पुन्हां तेंच घडतें. चूक आठवणारा एकटा चिटणीस. तो मुंबईस कामाला गेला कीं आठवणही त्याच्याबरोबर गेली.

बचतगटांस बँकांशीं जोडण्याचें काम नाबार्डनें १९९२ सालीं आरंभिलें. त्या गटांस नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड व हिशेब ही पंचसूत्री लावितात. ती चांगली आहे. पण गुणांवर कर्ज अवलंबून असलें म्हणजे प्रत्येकास आपला गट उत्तमच दिसूं लागतो, हा मनुष्यस्वभाव आहे! यासाठीं कोठीनें स्वतःला विचारावयाचे प्रश्न निराळे असावे, आणि त्यांचे गुण कोणासही कळवूं नयेत.

गतवर्षींच्या नुकसानीवरून यंदां आपण एखादी रीत बदलली काय? चिटणीसाखेरीज आणखी दोघांस वही समजते काय? ज्या घरची परतफेड राहिली, तेथें जाऊन कोणी कारण विचारलें काय? ठरावापूर्वीं बायकांचें म्हणणें ऐकलें जातें काय? आपली चूक सभेंत निर्धास्तपणें सांगतां येते काय? एवढे पांच पुरेत.

अक्षरओळख नसल्यानें अडत नाहीं. प्रत्येक प्रश्नास तीन मडकीं ठेवावीं: होय, थोडेंसें, नाहीं. एकेकानें आडोशास जाऊन एक दाणा टाकावा; पुरुषांनीं वालाचा, स्त्रियांनीं तुरीचा. मग मडकीं सर्वांसमक्ष ओतावीं. येथें सरासरी काढण्याचा मोह टाळावा. वीस घरांपैकीं दहांनीं ‘होय’ व दहांनीं ‘नाहीं’ म्हटलें, तर सरासरी ‘थोडेंसें’ अशी येते, आणि तसें तर एकही घर म्हणालेलें नसतें! जेथें दाणे विभागले, तोच प्रश्न प्रथम घ्यावा. कोणाचा दाणा कोणता, हें विचारूं नये. ‘असें कां वाटत असेल?’ एवढेंच विचारावें. ‘होय’मध्यें सगळे वाल आणि ‘नाहीं’मध्यें सगळी तूर निघाली, तर पंचांनीं रागावूं नये, गप्प बसून ऐकावें. आमच्या मतें साऱ्या खटाटोपाचें सार्थक त्या घटकेंतच आहे.

एका बैठकींत दोन प्रश्नांहून अधिक हातीं घेऊं नयेत. जें ठरेल तें वहींत लिहावें आणि पुढील वर्षींच्या सभेंत सर्वांआधीं तेंच वाचावें. कोठीचें वाटप पावसाच्या तोंडावर सुरू होतें. म्हणून ही सभा माघांत, परतफेडीचें माप पुरें होतांच, भरवावी.