बाबांसोबत अशेरीगडावर मुक्काम

वसई-विरारकरांनो, आई-वडिलांना घेऊन मुक्कामी ट्रेक करायचाय? अशेरीगड बघा. दिवाळीआधी बाबांना घेऊन गेलो होतो.

विरारहून ट्रेनने पालघर, तिथून मनोरमार्गे महामार्गालगतचं खडकोना. वाट गावातूनच चढते.

माथ्यावर कातळात खोदलेली गुहा आहे, तिथे झोपता येतं. आत देवी आहे, चपला बाहेरच! टाक्यांचं पाणी उकळूनच प्या.

वर दगडात कोरलेलं पोर्तुगीज राजचिन्ह नक्की बघा. चिमाजी अप्पांनी १७३९ साली वसई घेतली, त्याआधी इथे पोर्तुगीजांचाच अंमल होता.

ऑक्टोबरचं ऊन मात्र बेकार. दुपार टाळा, पण अंधाराआधी गुहा गाठा. जड सॅक आपल्या पाठीवर. आई-बाबांकडे फक्त पाणी आणि काठी. ते ऐकणार नाहीत, तरी!

उतरताना गुडघ्यांचं काय, सामान काय न्यावं, काहीही बिनधास्त विचारा.